खोलीचं नाव

धोटे साउंड सर्व्हिस बंद करून सात वर्षं झाली.
दोन भोंगे विकले, एक अजून स्लॅबवर पडून आहे,
त्यात चिमण्यांचा संसार.
वायरचं बंडल मात्र कोणाला दिलं नाही.
गावातल्या प्रत्येक लग्नाची लांबी त्याला पाठ आहे:
ढोल्यांच्या अंगणातून कडुनिंबापर्यंत सत्तर हात,
कडुनिंबापासून जनरेटरपर्यंत तीस,
मधे बंडीचं चाक गेलं तिथे काळी चिकटपट्टी.

आणि तृप्ती नागपूरहून घेऊन आली
लोट्याएवढे पाच डबे.
"बाबा, याले वायर नाई लागत."
मी एक उलटा करून पाहिला.
खरंच, करंटच्या शेपटीशिवाय
मागे काही नव्हतं.

मोबाइलनं विचारलं, खोलीचं नाव?
यादीही त्यानंच दिली:
हॉल, बेडरूम, स्टडी, जिम, बाल्कनी.
आम्ही बापलेक एकमेकांकडे पाहिलं.
तृप्तीनं बैठक लिहिली, माजघर, पडवी.
गोठ्याचं नाव गोठाच ठेवलं,
गाण्यानं म्हैस लवकर पान्हवते म्हणतात, बघू.
पाचवा डबा हातात घेऊन पोरगी ओरडली,
"आई, तुह्या खोलीचं काय लिहू?"
आतून उत्तर आलं,
"माह्यी कोणती खोली?"
तृप्तीचं बोट जरा वेळ हवेतच राहिलं,
मग तिनं लिहिलं, वच्छला.

अडचण निघाली ती तुरीच्या कोठीची.
माजघर आणि स्वयंपाकघराच्या मधे उभी, टिनाची,
सहा क्विंटल पोटात घेऊन.
सिग्नल तिला धडकून परत येई
आणि मोबाइल म्हणे,
वच्छला सापडत नाही.
वच्छला उत्तर देत नाही.
वच्छलाला काढून टाकायचं का?
आम्ही हसलो.
आतला भाकर थापायचा आवाज थांबला.

बाजीराव उईकेला बोलावलं, अर्धी तूर पोत्यांत भरली,
कोठी ढकलत ढकलत पडवीत नेली.
मग पाचही खोल्यांत एकाच श्वासात बासरी.
मी जुना ऑपरेटर, खोल्याखोल्यांतून फिरलो
कान लावून, कुठे मागेपुढे होतं का ते पाहत.
कुठेच नाही.
माझ्या भोंग्यांचं तसं नव्हतं.
नवरदेवाचं नाव वेशीवर पोचेपर्यंत
मांडवात अक्षता पडून गेलेल्या असत.

तृप्ती गेली. आठवडा झाला असेल.
दुपारी पडवीत डुलकी लागली होती
आणि माझ्या साळीनं, वणीच्या, घर भरून टाकलं:
"वच्छे, पैसे भरले मी. आपल्या दोघीचं तिकीट झालं.
समुद्र पाहून येऊ एकडाव, मरायच्या आंधी.
भाऊजीले सध्या सांगू नोको,
ते खर्चाचं काढतीन."
गोठ्यात म्हशीनं मान वर केली.
चुकीचं बटण दाबलं होतं वच्छलानं,
एका खोलीचं सोडून साऱ्या घराचं.

मोबाइल माझ्या उशाशीच होता.
आवाज एकदम तोडू नये.
तोडला की मांडवातलं तान्हं पोरही मान वळवतं.
तो उतरवायचा असतो,
विहिरीत बादली सोडावी तसा.
बैठक उतरवली. माजघर. गोठा.
पडवी सगळ्यात शेवटी,
कारण तिथे मी ऐकत होतो.
वच्छलाला हात लावला नाही.
तिथे बहीण अजून बोलत होती,
भाड्याचं, चपलांचं, भरती-ओहोटीचं.

रात्री जेवताना तिनं विचारलं,
"दुपारी तिकडं आवाज आला काय जी?"
"कशाचा?"
"काई नाई, असंच."
"सिग्नलच नव्हता," मी म्हटलं, "कोठी आडवी येते ना."
तिनं माजघराकडे पाहिलं,
कोठी जिथे आता नव्हती तिथे,
आणि न विचारता
आणखी एक भाकर ताटात टाकली.