बदलांची यादी

नवी आवृत्ती मी रात्री पावणेबाराला उतरवून घेतली.
त्या वेळी पूर्व भागात नेट जरा धावतं
आणि खालचे निम्मे माग झोपलेले असतात.
यादी लांबलचक.
चहा ठेवून वाचायला बसले, चहा उतू गेला,
यादी अर्धीच राहिली.

जेवढी वाचली तेवढी आवडली.
चूक झाली की ही भाषा आता नुसती ओरडत नाही,
बोट ठेवून दाखवते: सतरावी ओळ, इथे,
तुम्हाला 'किनार' म्हणायचं होतं का?
आमचा जॉबर मल्लेशम असाच आहे,
फक्त तो विचारण्याआधी एक शिवी हासडतो.

एक जुनं फंक्शन काढून टाकलं.
तीन आवृत्त्या आधीपासून इशारा येत होता:
हे जाणार आहे, त्याऐवजी ते वापरा, असं लिहा.
पिवळी अक्षरं, दर वेळी, न कंटाळता.
मीच त्यांना वर सरकू देत होते.
दोनशे बारा जणांनी हे सगळं फुकट लिहिलेलं,
शेवटी त्यांची नावं; काही मला वाचताच येत नाहीत,
एकानं स्वतःला नुसतं 'निळा उंदीर' म्हणवून घेतलंय.

सकाळी श्रीपती शेठचा मोर लावला.
दुपारपर्यंत अकरा चादरी उतरल्या.
नान्ना डबा घेऊन आले, कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि हात न धुताच घडीवरून बोट फिरवलं.
पहिला मोर. दुसरा. तिसऱ्यावर बोट थांबलं.
"ह्याची मान जाड झालीय."
"किती?"
"एक दारम."

एका धाग्यासाठी मी दोन तास शोधलं.
पंच्याहत्तर भागिले दोन:
परवापर्यंत सदतीस, उरलेलं सांडून द्यायचं.
आता साडेसदतीस, आणि पुढे कुठेतरी
तो अर्धा मुकाट्यानं पूर्ण होऊन बसतो.
यादीत होतं ते. एकेचाळीसावा मुद्दा, ठळक अक्षरांत.
चहा पुसत होते तेव्हा तो खाली असणार.

नान्नांना समजावलं.
ते हसले. "सगम दारम उंटदा?"
अर्धा धागा असतो का कुठे?
गणितात असतो, मी म्हटलं.
"मग गणितानं विणावं."

बावीस वर्षं त्यांनी पुठ्ठ्यांना भोकं पाडली.
भोक म्हणजे धागा वर, नाही म्हणजे खाली.
एका मोराला दोन हजारांवर पुठ्ठे, दोरीत ओवलेले,
चुकीच्या भोकाला कागदाची चिकटी.
मग मागावर एक करडी पेटी बसली,
तिच्या बाजूला पुठ्ठ्यांची चळत महिनाभर पडून होती
आणि एके दिवशी बंबात गेली.

भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं,
"ते काढून टाकलेलं, तू म्हणालीस ना,
त्याला आधी सांगतात?"
"सांगतात. दोन-तीन वर्षं."
"कोणाला सांगतात?"
"जे वापरतात त्या सगळ्यांना."
"आणि पुढं काय करायचं, तेही?"
"तेही लिहून देतात."
त्यांनी चटणीचा एक दाणा नखानं बाजूला केला.
"चांगली माणसं दिसतात," म्हणाले,
आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी एक ओळ बदलली.
भागाकाराची खूण एकाऐवजी दोनदा, बस.
वर टीप लिहिली, मराठीत,
पुढे कोणी हे उघडलं तर कळावं म्हणून:
इथे अर्धा धागा नसतो. नान्नांना विचारा.

मग यादी पुन्हा उघडली, पहिल्यापासून.
खाली माग सुरू झाला.
त्या अकरा चादरी शेठ कमी भावात घेतो म्हणाले.
एक मी ठेवून घेतली.
जाड मानेचा मोर
आता माझ्या खुर्चीवर घडी होऊन बसलाय,
आणि खरं सांगू का, वाईट दिसत नाही.