चमचाभर पाणी

मंगळवारी एम्रिस लाँड्रीत आला,
काखेत फ्लीसची घडी, निळ्यावर पिवळी बदकं.
म्हणाला, पाणी कडक गरम, साबण बेताचा,
आणि ते वासाचं सॉफ्टनर अजिबात नको.
चाळीस वर्षं अबरिस्टविथची बस चालवलेला माणूस,
थांब्याचं नाव घ्यावं तशी सूचना देतो,
एकदाच.

नात शिकायला कार्डिफला गेली,
गिनिपिग मागे राहिले, मेनिन आणि बारा.
लोणी आणि पाव.
लाकडाच्या भुश्याने मेनिनला शिंका येतात,
म्हणून हे कापड. खाली जुने टॉवेल, वर हे.
मुतले की ओल खाली उतरायला हवी,
पायांना वरचं कोरडं लागायला हवं.
नव्याला ते जमत नाही, म्हणाला,
नवं कापड पाणी अंगाला लावूनच घेत नाही.

धुतलं. वाळवलं.
त्याने खिशातून चमचा काढला
आणि बदकाच्या चोचीवर पाणी सोडलं.
थेंब तसाच. गोल, फुगीर, काचेच्या गोटीसारखा,
घरंगळत काउंटरवरून माझ्या बुटावर.
पुन्हा, म्हणाला, आणि नाणी मोजली.

बुधवारी पुन्हा.
गुरुवारी पुन्हा.
बाहेर समुद्र भिंतीवर आपटत होता,
चिप्सच्या कागदावरून सीगलची भांडणं,
आणि हा ड्रमपुढे बसलेला, मांडीवर टोपी,
काचेआड बदकं गरगरताना बघत.
ग्वेनलियनच्या वेळी दवाखान्यात असाच बसायचा म्हणे.
मी विचारलं नाही.

शुक्रवारी रात्री फरशी पुसताना
लख्ख दिसलं.
मीच.
दर खेपेला, तो पाठमोरा नाणी चाचपत असताना,
टोपणभर लॅव्हेंडर ओतत होते मी, फुकट.
एकटा माणूस, म्हटलं,
घरी गेल्यावर काहीतरी मऊ लागू दे हाताला.
तेच मऊपण धाग्याधाग्यावर मेणासारखं बसलं होतं.

शनिवारी सांगितलं. चेहरा माझा बिटासारखा.
त्याने चमचा या हातातून त्या हातात घेतला.
"कोटालाही येत होता वास," म्हणाला,
"मला वाटलं, तुझा."

मी मशीनचा खण उपसून व्हिनेगरने घासला,
दोन धुण्या माझ्या खर्चाने, साठ अंशांवर.
मग टॉवेल. त्यावर बदकं. चमचा.
थेंब जरासा विचारात पडला,
कडा सैल झाल्या,
आणि नव्हताच तिथे.
खालच्या टॉवेलवर नाण्याएवढा ओला डाग.
त्याने वरून हात फिरवला,
मग माझं मनगट धरून माझाही फिरवला.
कोरडं.

घडी घालून निघाला. दारातून म्हणाला,
आता हे दर आठवड्याला धुवावं लागेल.
बिनवासाचं.

चमचा इथेच विसरलाय.
मी तो नाण्यांच्या डब्यात ठेवलाय,
मंगळवारपर्यंत.