विकलेली गाडी

नोव्हेंबरात गाडी विकली,
ट्रोम्सोत सूर्य मावळून परत न येण्याच्या आठवड्यात.
दोन्ही किल्ल्या दिल्या, कागद दिले,
काचेवरचा बर्फ खरवडायची तुटक्या कडेची पट्टीसुद्धा दिली.
सगळं आलं ना, इंग्वेनं विचारलं.
मी म्हटलं, सगळं.

पंधरा दिवसांनी, रात्री अकराला,
उशीजवळ फोन थरथरला:
तुमच्या गाडीचं मागचं उजवं दार उघडं आहे.

तुमच्या.

उठून बसले.
नकाशावर निळा ठिपका,
पूल ओलांडून पलीकडे, त्याच्या घरासमोर.
दार मिटलं. ठिपका राहिला.

तेव्हाच पुसायला हवं होतं.
मी कॉफी ठेवली आणि पाहत बसले.

मग लागलीच सवय, खपली काढायची लागते तशी.
मंगळवारी इस्पितळ, पंचावन्न मिनिटं.
शुक्रवारी बेकरी; पुढच्या चाकात हवा कमी.
रविवारी जुना धक्का, जिथे आता बोटी लागत नाहीत,
मोटर बंद, दिवे बंद, दोन तास.
आतलं तापमान उणे चार.
एवढ्या थंडीत माणूस करतो काय तिथे?
मला काय त्याचं.
पण अंगठ्याखाली सीटचं चित्र होतं,
त्यावर तीन लाल नागमोडी रेघा.
दाबलं.

खरं सांगते, मला ती माया वाटली.

पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही.
मग ठिपका हलेचना.
मंगळवार आला, गेला.
बॅटरी ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर.
इथे दोन महिने ऊन नाही, चंद्रही ढगाआड,
तरी चोराच्या मनात चांदणं पडायचं ते पडलंच.

बस धरून गेले.
बोनेटवर हातभर बर्फ.
इंग्वेनं दार उघडलं, साखळीपुरतं.
म्हणाला, गाडीत कुणीतरी आहे.
मेकॅनिकनं लॅपटॉप लावून पाहिलं, काही सापडलं नाही.
मुलगी म्हणते, वय झालं.
पण पाठीला कळतं.
कुणीतरी मागून हात ठेवल्यासारखं, गरम.

मी फोन काढून त्याच्या टेबलावर ठेवला.
त्यानं पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं.
किती पाहिलंस?
थोडंसं, मी म्हणाले.
मग म्हणाले, मंगळवार.
रविवारचं मी बोलले नाही,
त्यानंही विचारलं नाही.
बराच वेळ फ्रिजच काय तो बोलत होता.

पुसायला तीन मिनिटं लागली.
तो आत बसून ब्रेक दाबून धरणार,
मी बाहेर उभी राहून हो म्हणणार.
नक्की? गाडीनं विचारलं. नक्की? पुन्हा. नक्की?
माझ्या घटस्फोटात इतक्यांदा कुणी विचारलं नव्हतं.
ठिपका गेला. त्याच्या जागी रस्ता होता.

परतताना बस रिकामी.
माझ्या दाराला काळी घंटा आहे,
बटणाच्या वर काचेचा डोळा, खाली छोटा दिवा.
जुनीच घेतलेली, निम्म्या किमतीत, हार्स्टाडच्या एका बाईकडून,
खोका, वायर, स्क्रूसकट.
सगळं आलं ना, मी विचारलं होतं.
सगळं, ती म्हणाली होती.

टोपीवरचा बर्फ झटकत उभी राहिले.
किती रात्री इथे किल्ली चाचपत पुटपुटले असेन.
एकदा रडलेही होते, पिशवी खाली ठेवून,
दूध फुटून पायरीवर सांडलं होतं.
आणि दुसऱ्या रात्री, हे आत्ता आठवतंय,
मी फाटकातून आत वळले तर
दारातला दिवा आधीच लागलेला.

बरं वाटलं होतं तेव्हा.