अठरा दात

इलियास मणेरनं सायकल उलटी केली,
सीट आणि हँडलवर, पाय बांधलेल्या बकरीसारखी,
आणि विचारलं, नक्की ना?
नंतर म्हणाल, परत जोडून दे.
नाना पेठ, दुपारचे साडेतीन.
समोर कुणीतरी पत्रा कापत होतं,
म्हणून मला 'हो' दोनदा म्हणावं लागलं.

बारा गिअरची. पुढे दोन, मागे सहा.
एक्क्याण्णव साली वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून घेतलेली,
कारण मी शर्यतीत उतरणार होते.
उतरलेही,
दिवे घाटाखाली खडीवर आडवी होईपर्यंत.
मग भाजी, बँक, मुलाचा क्लास,
मग गॅलरीत जुन्या चादरीखाली, नऊ वर्षं.

आता एकेक निघत होतं.
गिअरच्या तारा, गंजून तपकिरी,
टोकाशी सुतरफेणीसारख्या उसवलेल्या.
मागचा डिरेलर, धुळीनं तेलकट काळा.
दांडीवरचे ते दोन छोटे खटके,
ज्यांवर अंगठा ठेवून मी चढ यायची वाट बघायचे.
इलियासची मुलगी रुखसार
सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत होती.
ठण्. ठण्.

फ्री निघेना.
शेवटी तो शिकंज्यात धरला
आणि आख्खं चाकच स्टिअरिंगसारखं फिरवलं तिघांनी.
इलियासनं रॉकेलच्या बशीत ब्रश बुडवून
सहाही चकत्या घासल्या
आणि एकीवर बोट ठेवलं.
पाचांचे दात कालच दुकानातून आणल्यासारखे.
वरून तिसरीचे झिजून
एका बाजूला कललेले, माशाच्या परासारखे.
"मॅडम, तुम्ही एकाच गिअरवर होता की."

मी म्हणाले, छे, मी बदलायचे.
चढावर तर हमखास.
रुखसारनं मोबाइलचा उजेड पाडला,
त्या दातांवरून नख फिरवलं.
नख अडकलं.

मला राग आला, कुणाचा ते कळेना.
बाराचे हप्ते भरले होते वडिलांनी,
दर सात तारखेला, पगारातून कापून.
आणि मी, पडल्यानंतर,
एकदा खटका ढकलला असेल,
साखळी करकरली असेल,
तर राहू दिली तिला होती तिथे.
तिथून पुढे सांगत मात्र आले,
बारा आहेत म्हणून. अगदी लग्नातसुद्धा.

"मग सोपंच झालं," इलियास म्हणाला.
पुढे शेहेचाळीस, मागे अठरा, नवा हब.
पट्टी लावून साखळीची रेघ पाहिली,
एक वायसर काढला, एक घातला, परत पहिला काढला.
फिक्स लावू की फ्री?
फिक्सला पाय थांबवायचे नाहीत हां.
त्यानं माझ्या डाव्या गुडघ्याकडे पाहिलं.
रुखसार म्हणाली, फिक्स. पुढचा ब्रेक राहू द्या.
त्यानं तिच्याकडे पाहिलं.
मी म्हणाले, ती म्हणते तसं.

सकाळी सव्वासहा, गणेशखिंडीचा उतार.
इथेच आम्ही पोरी पाय स्थिर ठेवून सुटायचो,
मागे फ्रीची टिकटिकटिक,
जणू कुणीतरी आमच्या वतीनं मोजत होतं.
ती नाही आता. पाय फिरतात,
माझ्यापेक्षा घाईत, मी मागे रेटते,
ते ऐकतात, थोडंसं.
कृषी महाविद्यालयाच्या अलीकडे सवयीनं थांबवले
आणि सायकलनं मला सीटवरून वीतभर उचललं,
वर्गात बाई दंडाला धरून उठवायच्या तसं.
"अगं अगं अगं!"
पेपरवाला पोरगा वळून बघतच राहिला.

गुरुवारी रुखसारचा फोन आला.
तुमचा डिरेलर धुतला. माझ्या सायकलला लावू?
लाव, मी म्हणाले.
मग विचारलं, पडतात का गं गिअर?
सगळे, ती म्हणाली. त्याला काहीच झालं नव्हतं.
नुसती तार अडकली होती.

तार कितीला येते?

चाळीस.