कंदील खाली सोडताना

मार्केट यार्डात हळदीचा वास रात्रीसुद्धा झोपत नाही.
तो कीबोर्डच्या फटींत बसलाय.
एंटरच्या बटणावर पिवळट ठसा,
माझा की मर्दा शेटच्या दिवाणजीचा, सांगता येणार नाही.

पेढीला साठ वर्षं होतायत.
सकाळी छापखान्यात द्यायचीय चाळीस हंगामांची यादी:
कुणाचा लॉट, किती पोती, काय भाव, तूट किती.
बटण दाबलं की चाक फिरतं,
फिरतं,
आणि तिसाव्या सेकंदाला पांढरं पान.
चूक झाली असंसुद्धा न म्हणणारं.

सेटिंगच्या फाइलीत तीसचे तीनशे केले,
एकशे अठ्ठावीसचे पाचशे बारा.
तिसाव्या सेकंदाला तेच पान.
साडेअकराला कळलं, त्याच नावाची फाइल
दुसऱ्या फोल्डरातही आहे, आणि सर्व्हर तीच वाचतो.
दीड तास मी भलत्याच घराची कडी वाजवत होते.
ती बदलली. तरी तीस.
मग आठवलं, याला झोपवून उठवावं लागतं,
उठल्याशिवाय नवे नियम कळत नाहीत त्याला.

आता एक मिनिट चाललं. बरोबर एक मिनिट:
पुढच्या दारावर आणखी एक पहारेकरी, त्याचं घड्याळ वेगळं.
त्यालाही समजावलं.
मग मेमरी संपली. एक जीबी दिली. तीही संपली.
दोन दिल्या, तेव्हा पंखा किंचाळायला लागला
आणि तासगावच्या कोल्ड स्टोअरेजमधून फोन,
"मॅडम, आमचं पण पान उघडंना झालंय."

"काय करालीस गं एवढ्या रातीचं?"
तवनाप्पा कुडचे, रात्रपाळीचे वॉचमन,
हातात स्टीलचा ग्लास, वर बशी झाकलेली.
मी सांगितलं, जमेल तसं:
एक काम आत जातं, बाहेर येत नाही,
तीस सेकंदांत मशीनच त्याला मारून टाकतं.

ते हसले नाहीत.
"हरिपुरात आमची पेवं होती. तोंड एवढंसं, पोट हत्तीएवढं.
वरसं न् वरसं हळद बसायची, किडा न्हाई, ओल न्हाई.
पर तोंड उघडलं की लगेच उतरायचं न्हाई.
आतली वाफ जाऊ द्यायची. मग दोरीनं कंदील सोडायचा.
इझला तर काठावर बसायचं तंबाखू मळत,
शेटचा ट्रक उभा असला तरी."
चहा बशीत ओतला.
"कंदील इझला म्हणून आम्ही कधी कंदिलाला शिव्या दिल्या न्हाईत."
मग बाहेर बघत,
"एकदा दिल्या. बाळगोंडानं.
हा फुटकाय म्हणला, मोठी बत्ती आणा.
आणि आणायच्या आत उतरला."

मी पुढचं विचारलं नाही.
ते फेरीला गेले.

एक वाजता मी पहिल्यांदा तो प्रोग्राम वाचला.
माझाच, सहा वर्षांपूर्वीचा.
तेव्हा दोनच हंगाम होते, जुन्या वह्या नंतर चढवल्या.
एका ओळीत लिहिलेलं: सगळं उचल.
सगळी पोती एकाच पाठीवर,
आणि रात्रभर मी त्या पाठीलाच दमात घेत होते.

ती ओळ मोडली.
पाचशे उचल, कागदावर उतरव, खाली ठेव,
विसर,
पुढचे पाचशे.
यादी संपली तेव्हा घड्याळात बावीस सेकंद,
मेमरी चौदा एमबीच्या वर गेलीच नाही.
तीनशे खोडून पुन्हा तीस लिहिले.
बाकीचेही आकडे होते तिथे ठेवले.
तासगावला कळवलं.

छापायच्या आधी सहज नजर फिरवली.
एकोणिसाव्या पानावर, हरिपूर, पेव बावीस,
दोनशे दहा पोत्यांपैकी चौसष्ट.
शेऱ्याच्या रकान्यात दिवाणजीचं अक्षर टाइप होऊन आलेलं:
उचल थांबली.

खिडकीबाहेर तवनाप्पांची बॅटरी
गोदामांच्या कुलपांवरून चालली होती,
एकेका कुलपावर जरा थांबून.