हरीण वाचवलं तर

स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन कोटेशनं,
हीटरच्या झोताने उडू नयेत म्हणून वर मिठाची बरणी.
एक वर्षाला आठशे बारा.
दुसरं सातशे चाळीस, डेलचं.
तिसरं सहाशेच्या आत, आणि त्यावर छापलंय
एक हसरं कुटुंब,
ज्यांच्या गाडीला कुठेच पोचा नाही.

आमच्या गाडीला आहे. डाव्या दाराला.
व्हर्लिनने पेंडीच्या गिरणीपाशी मागे घेताना पाडलेला.
तो मी कुणालाच सांगितला नाही.

तिसऱ्याची बारीक अक्षरं भिंगाखाली धरली.
दुसऱ्याला इजा झाली तर पंचवीस हजार,
पुढे एक छदाम नाही.
ऑरिन बाउखला ज्या पोराने उडवलं
त्याचा विमा असाच होता, स्वस्त आणि हसरा.
ऑरिनचा पाय काही पंचवीस हजारांवर थांबला नाही.
अजून चर्चमध्ये तो कडेच्या बाकावर बसतो,
पाय वाटेत लांब करून.
तिसरा कागद मी शेगडीजवळच्या टोपलीत टाकला.

मग डेल कोवाल्केला फोन.
शाळेत याच्या ताटात मी नऊ वर्षं वाढलंय,
वाटाणे तसेच ठेवायचा.
आता हा मला समजावतो, सावकाश,
जणू मीच तिसरीत आहे:

"हरणाला धडकलात तर ते कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये.
शंभर तुमचे, बाकी आमचं.
पण हरणाला चुकवायला चाक वळवलंत
आणि झाडावर गेलात, तर ते कोलिजन.
मग डिडक्टिबल हजार."

डिडक्टिबल म्हणजे पदरमोड, एवढं मला कळतं.

"म्हणजे हरीण मारलं तर शंभर,
वाचवलं तर हजार?"

डेल गप्प. मागे कुणीतरी प्रिंटर चालवतंय.
"झाड जागेवरच होतं ना, मिसेस टोलेफसन,"
तो म्हणाला. "असं धरतात."

एकतीस वर्षं मी काउंटी रस्त्यावरून
पहाटे पाचला शाळेत गेले, विस्कॉन्सिनच्या थंडीत.
डोळे आधी दिसतात, हिरवट, नाण्यांसारखे.
मग हात वळतो.
मी वळवत नाही, हातच वळतो.
हाताने कुठली पॉलिसी वाचलीय?

"घरात गाडी चालवणारे किती?"

व्हर्लिन खिडकीशी बसलाय.
सफरचंदाखाली पडलेली फळं खायला हरणं येतात,
ती मोजणं हे त्याचं हल्लीचं काम.
ऑक्टोबरात एकदा तो गिरणीकडे निघाला
आणि दोन तासांनी भलत्याच गावातून फोन केला,
त्या गावाचं नाव पाटीवर वाचून.
घरी आल्यावर किल्ल्या साखरेच्या डब्यात टाकल्या.
मी काही बोलले नव्हते.
अजून कधी कधी चहात साखर घालताना
चमचा किल्लीला लागतो.

"एक," मी म्हणाले.

पलीकडे टकटक, टकटक.
"अरे वा! एकशे चौदा कमी झाले!"
डेलचा आवाज खरंच आनंदी.
चांगला मुलगा आहे. त्याला काय माहीत.
सत्तेचाळीस वर्षांच्या संसारातून
एक नाव काढलं
आणि आम्ही स्वस्त झालो.

मी म्हटलं, "डेल, ते एकशे चौदा तिकडे लाव."
"कुठे?"
"झाडाकडे. ते हजार खाली आण."
त्याने हिशोब केला. अडीचशेवर आणायला नव्वद लागतील.
"आण."
"पण मॅडम, इतक्या जुन्या गाडीला
एवढं कोलिजन कुणी घेत नाही.
पैशात बघितलं तर परवडत नाही."
"पैशात नाही बघत मी."

चोवीस उरले. त्यात वायपर येतील.

बरणी उचलली तसा पहिला कागद उडून
व्हर्लिनच्या पायाशी गेला.
त्याने तो उचलून उलटा धरला, नीट वाचला.
"कुणाचा फोन?"
"डेलचा. वाटाणे न खाणारा."
"अजून नाही खात?"
"विचारलं नाही."
त्याने मान हलवली, खिडकीकडे वळला,
आणि बोट काचेला टेकवून म्हणाला,
"चार. एक लंगडतंय."