चार बोटं उंच

वरची टाकी खोटी होती.
लिलावात बोली लावली तेव्हा हे कुणी सांगितलं नाही.
काळी, चकचकीत, गुडघ्यांनी आवळून धरावी अशी,
आणि आत नुसता एअर फिल्टर.
पेट्रोल सीटखाली, पार तळाला.
ते वर चढवायला मुठीएवढा पंप.
चावी फिरवली की टिक् टिक् टिक् टिक्,
भरलं की गप्प.
एजी ऑफिसच्या स्टँडमध्ये रोज संध्याकाळी
ती टिकटिक थांबल्यावरच मी बटण दाबायची.

मार्च संपता संपता पंप मेला.
जपानहून मागवावा लागेल, म्हणाले.
किंमत ऐकून मी फोन ठेवला, थोडा जोरातच.

हजिऱ्याला पूरन कुशवाहाचं गॅरेज आहे.
"काए चांदोरकर मॅडम," तो म्हणतो.
त्याचं काए म्हणजे 'अहो',
माझ्या कानाला ते 'काय' ऐकू येतं,
त्यामुळे तीस वर्षं या गावात मी
न विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत आलेय.
"पंप गेला," मी म्हणाले.
"जाने दो. ऊपर से उतारेंगे."

खोटी टाकी निघाली.
भंगारातून राजदूतची आली, गंजकी, पण खरी.
आत मूठभर खडी, चिंचेचं पाणी,
आणि भूरा नावाचं पोर दोन दिवस ती
तान्ह्या बाळासारखी हलवत बसलं.
टाकीचा तळ कार्बोरेटरच्या किती वर
ते पूरननं बोटांनी मोजलं.
तीन.
मग एक लोखंडी पट्टी, टायरचा तुकडा.
चार.
"बस. चार उंगल का वजन बहोत होता है."

मला वाटलं, आता नळी जोडली की झालं.
त्यानं कार्बोरेटर उघडून चिमट्यानं काहीतरी काढलं,
माझ्या तळहातावर ठेवलं:
पितळेची चिमुकली बैठक, सुईचं टोक टेकतं ती,
मधे भोक, असून नसल्यासारखं.
ही पंपाची, म्हणाला. तो मागून ढकलायचा,
म्हणून दार बारीक ठेवलेलं.
आता ढकलणारं कुणी नाही.
जे येईल ते आपल्याच वजनानं येईल,
त्याला दार मोठं हवं.
नवी बैठक बसवली. जुनी मी पर्समध्ये टाकली,
सुट्ट्या पैशांत अजून कधीकधी बोटाला लागते.

रविवारी उरवाईची चढण.
पहिलं वळण छान गेलं.
दुसऱ्यावर, कड्यात कोरलेल्या त्या उंच उघड्या मूर्तींसमोर,
गाडी फुरफुरली, खोकली, थांबली.
मागून लूनावर पूरन.
तोटी पाहिली, नळी फुंकली, प्लग काढला,
भूराला दोन शिव्या, तो तिथे नसताना.
मूर्ती बघत होत्या. त्यांना घाई नव्हती.
मी, हाताला काही काम हवं म्हणून,
टाकीचं झाकण फिरवलं.

हुस्स.

टाकीनं श्वास आत घेतला.
भूरानं झाकणाला दोन हात रंग दिला होता, मन लावून,
वरचं हवेचं भोक त्यात बुजलेलं.
वरून हवा आत येईना, तर खाली काय उतरणार?
पूरननं माझ्या ओढणीची पिन मागितली,
टोचली, फिरवली,
फुंकर मारून पिन परत दिली,
टोकाला काळा रंग.
गाडी दुसऱ्या किकला, म्हणजे बटणाला, उठली.

आता चावी फिरवली की काहीच वाजत नाही.
पहिले काही दिवस अंगठा नुसता वाट बघत राहिला.
रात्री तोटी बंद करायची विसरले एकदा,
सकाळी अख्खा जिना पेट्रोलचा,
वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चहासुद्धा केला नाही.

स्टँडमध्ये तिवारीजी विचारतात,
"आवाज नहीं करती अब? खराब हो गई?"
मी डाव्या गुडघ्यापाशी वाकते, तोटी उघडते,
आणि थांबते,
उतरायला जेवढा वेळ लागतो
तेवढा.